सायकोपॅथी : आजार एक, बाई-पुरुषात रूप वेगळं

कुणी तापट दिसला की आपण चटकन त्याला ‘सायको’ म्हणतो. पण सायकोपॅथी म्हणजे वेड नव्हे, नुसता राग तर नव्हेच. अशा माणसाला भास होत नाहीत, त्याचं भान शाबूत असतं. दुसऱ्याचं दुःख मात्र त्याच्या मनाला लागत नाही. गोड बोलणं, सराईत खोटं, माणसांचा वापर करून सोडून देणं आणि पश्चात्ताप नसणं, ही त्याची लक्षणं.

हे मोजण्याची सर्वात प्रसिद्ध यादी कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची. ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात २० मुद्दे आहेत, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. ४० पैकी ३० किंवा जास्त गुण पडले तर सायकोपॅथी धरतात. पण ही यादी तयार झाली मुख्यतः पुरुष कैद्यांच्या अभ्यासातून.

पुरुषात हा स्वभाव बहुधा मारामारी, दादागिरी, लहानपणापासूनचे गुन्हे यांतून दिसतो. बाईत तो बऱ्याचदा नात्यांतून दिसतो : बदनामी करणं, एखादीला एकटं पाडणं, माणसं एकमेकांत लावून देणं. हे पोलिसांच्या कागदावर येत नाही, म्हणून गुणही कमी पडतात. उलट अनेक संबंध, मोडलेले संसार यांचे गुण यादीत धरले जातात. मार खाऊन नवरा सोडणाऱ्या बाईला तो मुद्दा कसा लावणार?

तपासणाऱ्याची नजरही आड येते. १९८९ साली अमेरिकेत फोर्ड आणि विडिगर यांनी मानसतज्ज्ञांना रुग्णाची माहिती लिहून दिली. फक्त बाई की पुरुष, एवढंच बदललं. पुरुषाला ‘समाजविघातक’ ठरवण्याकडे तज्ज्ञांचा कल जास्त होता, तर तशाच बाईला ‘नाटकी स्वभावाची’ म्हणण्याकडे.

म्हणून घरात एवढं पाळा :

• मोबाईलवरच्या चाचणीवरून कुणावर शिक्का मारू नका. निदान तज्ज्ञच करतो.

• छळाने चिडलेली, रडणारी बाई ‘सायको’ नसते. आधी तिला काय सोसावं लागतंय ते विचारा.

• छळणारी व्यक्ती बाई आहे म्हणून त्रास हलका समजू नका.

• मुलगा असो वा मुलगी, मुक्या जनावरांना छळत असेल, सतत खोटं बोलत असेल, तर मारू नका, लवकर दाखवा. लहान वयात सुधारणेला जास्त वाव असतो.

मानसिक त्रासासाठी टेली-मानस १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. बाईवर अत्याचार होत असेल तर १८१ लावा. त्यासाठी कुठल्याही निदानाची वाट पाहू नका.