वरच्या बाणाचीही चाचणी हवी

जीडीबीसारख्या डीबगरमध्ये चूक शोधताना त्याच त्या आज्ञा पुन्हा द्याव्या लागतात. वरचा बाण दाबून मागची आज्ञा आणण्याची आणि ती जागीच दुरुस्त करण्याची सोय तिथे रीडलाइन ही लायब्ररी पुरवते. ती लायब्ररी अनेक ठिकाणी वापरून पारखलेली असताना जीडीबीने वेगळी चाचणी कशाला घ्यावी? कारण बिघाड बहुधा सांध्यात होतो. दोन्ही भाग आपापल्या जागी ठीक असूनही एकमेकांशी जुळत नाहीत.

आज्ञा फाइलमधून पुरवल्या, तर डीबगर समोर टर्मिनल नाही हे ओळखून संपादनाची सोय बंद ठेवतो. म्हणून एक्स्पेक्ट हे साधन आभासी टर्मिनल उघडून माणसासारख्या कळा पाठवतं. काही आज्ञा दिल्यावर कंट्रोल-पीने मागे जायचं आणि कंट्रोल-ओ दाबायचं: ती आज्ञा चालली पाहिजे आणि इतिहासातली पुढची आज्ञा समोर आली पाहिजे. अशा चाचण्या वेळेच्या फरकाने उगाचच नापास होतात, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर इलाज चाचणी रद्द करणं नव्हे. ठरावीक सेकंद थांबण्याऐवजी प्रॉम्प्ट दिसण्याची वाट पाहणं आणि वापरकर्त्याच्या खासगी सेटिंग्ज बाजूला ठेवणं, हा आहे. हेच काम हाताने करणारा माणूस चार दिवसांत कंटाळेल आणि नेमका तेव्हाच दोष निसटेल.