अर्भकाची स्वावलंबी निद्रा

झोका, थोपटणे, कडेवर फिरविणे किंवा स्तनपान यांच्या आधाराविना अर्भकाने जागृतावस्थेतून आपणहून निद्रेत जाणे, यास स्वावलंबी निद्रा म्हणता येईल. ही क्षमता जन्मतः नसते. मेंदूची वाढ व सवय यांमुळे ती क्रमाक्रमाने येते.

नवजात अर्भक दिवसरात्र मिळून सु. १४ ते १७ तास झोपते. परंतु भुकेमुळे ते दर दोन-तीन तासांनी जागे होते. मेलॅटोनीन या हॉर्मोनाचे रात्रकालीन स्रवण सु. तिसऱ्या महिन्यापासून नियमित होऊ लागते व त्यानंतरच दिवस-रात्रीचा भेद दृढ होतो. या वयात निद्रेचे एक चक्र सु. ५० ते ६० मिनिटांचे असते. चक्राच्या अखेरीस अर्भक अर्धवट जागे होते आणि झोपी जाताना लाभलेला आधार तेव्हा न आढळल्यास रडते. म्हणून जाग येणे थांबविणे हे उद्दिष्ट नसून, जाग आल्यावर पुन्हा झोपी जाण्याची सवय लावणे हे असते.

महाराष्ट्रात बारशापासून पाळणा, लुगड्याची झोळी आणि अंगाई ही साधने रूढ आहेत. एकत्र कुटुंबात आजी, आत्या, मावशी झोका देत. पनवेल (जि. रायगड) परिसरात सिडकोने वसविलेल्या नवीन पनवेल, कळंबोली, खारघर इ. वसाहतींतील विभक्त कुटुंबांत हा भार बहुधा एकट्या मातेवर पडतो. दीर्घकाळच्या जागरणाने प्रसूत्युत्तर विषण्णता वाढू शकते. मुंबईत १९२० च्या सुमारास अनेक गिरणी कामगार स्त्रिया कामावर जाताना मूल झोपून राहावे म्हणून त्यास अफूयुक्त ‘बाळागोळी’ देत. अफूमुळे श्वसन मंदावून मृत्यू संभवतो. अर्भकास कोणतेही झोपेचे औषध वैद्यकीय सल्ल्याविना देऊ नये.

पहिल्या चार महिन्यांत रडणाऱ्या अर्भकास तत्काळ जवळ घ्यावे. या काळात दिवसा उजेड व बोलणे, रात्री अंधार व शांतता एवढा भेद राखणे पुरेसे असते. त्यानंतर अंग पुसणे, दूध पाजणे, अंगाई म्हणणे हा क्रम रोज एकाच वेळी ठेवावा व डोळे जड झाले, परंतु मिटले नाहीत, अशा वेळी अर्भकास अंथरुणावर ठेवावे. ते कुरकुरल्यास क्षणभर थांबून पाहावे; सक्रिय निद्रेतील हालचाल व कण्हणे म्हणजे जाग नव्हे. झोका एकदम बंद न करता प्रथम थोपटणे, मग नुसता हात ठेवणे, नंतर जवळ बसणे, असा आधार कमी करावा. रात्रीचे स्तनपान मात्र भुकेप्रमाणे चालू ठेवावे.

सहा महिन्यांनंतर रडणाऱ्या अर्भकाकडे वाढत्या अंतराने जाण्याची पद्धतही वापरतात. अशा पद्धतींविषयी ऑस्ट्रेलियात झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्यात दीर्घकालीन अपाय किंवा लाभ आढळला नाही. त्यामुळे पद्धतीची निवड कुटुंबाच्या सोयीवर अवलंबून राहते.

अर्भकास नेहमी उताणे, टणक व सपाट अंथरुणावर निजवावे. उशी, जाड पांघरूण वा मऊ खेळणी जवळ ठेवू नयेत. झोळीत मान छातीकडे दुमडून श्वासमार्ग अडण्याचा धोका असतो. कोकणातील दमट उकाड्यात सुती व सैल कपडे वापरावेत. अर्भक दूध पीत नसल्यास, उठविण्यास कठीण जात असल्यास, त्यास ताप असल्यास किंवा धाप लागत असल्यास निद्रेचा प्रश्न मानून न थांबता त्वरित डॉक्टरांना दाखवावे.