पथ्यपाणी मावळचं

बोरघाट चढून लोणावळ्यात शिरलं की दोन जातींच्या पाट्या डोळ्यांत भरतात: चिक्कीच्या आणि योग-निसर्गोपचाराच्या. पाहुणा आधी पहिलीकडे वळतो, पोट बिघडलं की दुसरीकडे. गंमत सोडा; पण आरोग्याच्या बाबतीत या गावाचं मोठं देणं म्हणजे उपचार तपासून पाहण्याची सवय, आणि नेमकी तीच आज मागे पडलेली दिसते.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. तोवर नौली (पोटाचे स्नायू फिरवणं) आणि बस्ती (गुदद्वारातून पाणी ओढून आतडं धुणं) या योगक्रियांचं नाव निघालं की लोक एक तर हात जोडत, नाहीतर नाक मुरडत. गुण्यांनी बडोद्याच्या इस्पितळात साधकाला क्ष-किरण यंत्रासमोर उभं केलं. बस्ती करताना पाणी खालून आत कसं चढतं, हा जुना प्रश्न. त्यांनी मोठ्या आतड्यातला दाबच मोजला; नौलीच्या वेळी तो बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि पाणी ओढलं जातं, हे आकड्यांत दिसलं. चमत्काराची हवाच गेली! या निर्वाताला त्यांनी आपले गुरू माधवदास यांचं नाव दिलं. १९२७ मध्ये रक्तदाबाने बेजार झालेल्या गांधीजींनी आसनांबाबत त्यांचा सल्ला घेतला. पुढे १९४६ मध्ये गांधीजी पुण्यापलीकडच्या उरुळी कांचनला गेले आणि तिथला निसर्गोपचार आश्रम उभा राहिला.

या संस्थांमधल्या पथ्याचं कौतुक शहरी माणसाला फार. मावळच्या घरांत मात्र त्यातलं बरंच काही रोजचं होतं. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, खाचरात भात. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पांढऱ्या तांदळात ते दहाच्या आसपास. दूध परवडत नसलेल्या घरात भाकरीचं मोल काय होतं, ते यावरून कळावं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी आज पुण्या-मुंबईच्या ताटात मानाने बसतो. चवीला तोड नाही. पण पॉलिश केलेला इंद्रायणी तिन्ही त्रिकाळ खाऊन त्याला ‘गावचं सकस’ म्हणणं ही स्वतःचीच फसवणूक. कोंड्याबरोबर काहीतरी मोलाचं जातं, हे जावामधल्या कोंबड्यांवरून डच डॉक्टर आयकमन यांच्या लक्षात आलं; ते ‘ब’ जीवनसत्त्व होतं, हे पुढे कळलं आणि त्या कामासाठी आयकमन यांना १९२९ चं नोबेल मिळालं.

पावसाळ्यात कातकरी, ठाकर बायका बाजारात शेवळं घेऊन बसतात. ही भाजी करणं म्हणजे कसबाचं काम. वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून काकडाच्या आंबट फळांबरोबर किंवा चिंचेच्या कोळात शिजवायचं. यात हयगय झाली की घसा असा खवखवतो की बोलायची सोय नाही. कारण शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. भारंगीचा कोवळा पाला उकडून, पाणी पिळून टाकून मगच फोडणीला पडतो. टाकळाही कोवळा असेपर्यंतच खायचा. रानातलं सगळंच निरुपद्रवी असतं, असं रानाजवळ राहणारं कोणी म्हणत नाही. तो भाबडेपणा बाटलीबंद रस विकणाऱ्यांचा.

करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघरी उकळत होते. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती फेटाळली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती कशावरून, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्तच, पण मग तो प्रत्येक पुडीला लागू पडतो. वेल कोणती, किती, किती दिवस, हे सांगता येत नसेल तर ते औषध कसलं?

चिक्कीचंही असंच. शेंगदाण्यात पावशेर वजनामागे साठेक ग्रॅम प्रथिनं भरतात, ही जमेची बाजू. गूळ म्हणून साखरेचा हिशेब चुकत नाही. मधुमेह्याने ‘गुळाची आहे’ म्हणून हात सैल सोडू नये. आणि दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या निसर्गोपचार केंद्रात आठवडाभर राहायचा बेत असेल, तर चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या, तिथल्या डॉक्टरांना दाखवा आणि उपवास धरण्याआधी साखरेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांचं काय करायचं, ते आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून घ्या.