पांढुर्णा : अक्षरे तीन की नऊ?

‘सावरगाव’ या नावात अक्षरे किती? शाळकरी पोरही सांगेल, पाच. पायथन ही संगणकभाषा मात्र सात सांगते, कारण युनिकोड या संगणकातल्या लिपिसंकेतात ‘सा’ म्हणजे ‘स’ निराळा आणि काना निराळा. सावरगावासमोर जाम नदीपलीकडे असलेल्या पांढुर्ण्याची गत आणखी अवघड. वाचणाऱ्याला तिथे तीन अक्षरे दिसतात, पायथन नऊ मोजते.

ठरावीक रुंदीच्या रकान्यात गावांची नावे बसवायची, तर ही मोजणी नीट करावीच लागते. तिचे किचकट नियम प्रोग्रॅममध्ये जागोजागी लिहिले, तर मूळ काम काय चालले आहे तेच कळेनासे होते. म्हणून प्रोग्रॅमर ते नियम एका छोट्या फंक्शनमध्ये ठेवतात, त्याला ‘अक्षरे_मोजा’ असे नाव देतात आणि लागेल तिथे तेवढे नाव लिहितात. असे मदतनीस फंक्शन म्हणजे हेल्पर.

या सोयीची खरी किंमत नियम बदलतात तेव्हा कळते. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोडची १५.१ ही आवृत्ती आली आणि तिच्या अक्षरविभागणीच्या नियमांत देवनागरी जोडाक्षर एकसंध धरले गेले. त्याआधीच्या नियमांत ‘र्णा’चे दोन तुकडे पडत आणि ‘पांढुर्णा’ चार अक्षरी ठरे. त्याच वर्षी पांढुर्णा आणि सौंसर छिंदवाड्यातून निघून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. गावावरून जिल्हा ठरवणारा नियम एकाच हेल्परमध्ये असेल, तर असा बदल एकाच जागी करून भागतो.

पण प्रत्येक हेल्पर असा उपकारक नसतो.

‘नाव_छापा(गाव, खरे, खोटे, खरे)’ ही ओळ पाहा. यातले पहिले ‘खरे’ कशाबद्दल? शेवटचे कशाबद्दल? ते कळायला फंक्शन उघडून वाचावे लागते. लिहिणाऱ्याचे दोन-चार ओळींचे श्रम वाचले, पण पुढे ती ओळ वाचणाऱ्या प्रत्येकाला तो हेलपाटा पडतो. त्यापेक्षा ‘ठळक_छापा’ आणि ‘साधे_छापा’ अशी दोन फंक्शने केली, तर ओळी वाढतात, पण उलगडा जागच्या जागी होतो.

जावास्क्रिप्ट या दुसऱ्या संगणकभाषेत एखादे गाव यादीत आहे का, हे पाहायला पूर्वी ते कितव्या जागी आहे असे विचारत आणि उत्तर ‘उणे एक’ आले, तर ते नाही असे समजत. २०१६ मध्ये याद्यांसाठी ‘इन्क्लूड्स’ हा तयार हेल्पर आला. टंकलेखन थोडेच वाचले. मात्र आता ओळ सरळ विचारते, सावरगाव यादीत आहे का, आणि उत्तर हो किंवा नाही असे येते.