मुळा कच्चा गुणकारी की शिजवलेला?

तंजावर जिल्ह्यात, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांमध्ये भातावर वाढल्या जाणाऱ्या सांबारात मुळ्याच्या चकत्या नेहमी दिसतात. तमिळमध्ये मुळ्याला ‘मुळ्ळंगी’ म्हणतात. सुमारे पावणेदोनशे वर्षे भोसले घराण्याच्या अमलाखाली राहिलेल्या या भागात आजही मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. तेथे मुळा चिंच आणि तुरीच्या डाळीत शिजतो. महाराष्ट्रात तोच मुळा किसून, दही घालून कोशिंबिरीच्या रूपाने कच्चा खाल्ला जातो. हा फरक केवळ चवीचा नाही. या दोन पदार्थांतून शरीरात जाणारी रसायनेही बऱ्याच अंशी वेगळी असतात.

तिखटपणा येतो कुठून?

अखंड मुळ्यात त्याचा झणझणीतपणा तयार स्वरूपात नसतो. मुळा हा मोहरी आणि कोबीच्या कुळातील आहे. या कुळातील वनस्पतींच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगे असतात. मुळ्यातील प्रमुख संयुगाचे नाव ग्लुकोराफासाटिन असे आहे. त्याच्यापासून अलग, निराळ्या जागी मायरोसिनेज हे विकर साठवलेले असते. मुळा चिरला, किसला किंवा चावला की पेशी फुटतात, दोन्ही पदार्थ एकत्र येतात आणि काही क्षणांत आयसोथायोसायनेट हे तिखट द्रव्य निर्माण होते. नाकाला झोंबते ते हेच. किडींपासून बचाव करण्यासाठी वनस्पतीने केलेली ही तजवीज आहे. मुळ्याच्या सालीत तिखटपणा अधिक असतो, तसेच उष्ण हवेत वाढलेला मुळा थंडीतील मुळ्यापेक्षा जहाल होतो.

उकळत्या सांबारात मायरोसिनेज निकामी होते. त्यामुळे तिखट द्रव्य फारसे तयार होत नाही आणि मुळा गोडसर, मऊ लागतो. मूळचे ग्लुकोसिनोलेट काही प्रमाणात शिल्लक राहते. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याचे अंशतः रूपांतर करतात, परंतु कच्च्या मुळ्याच्या तुलनेत ते कमी असते. उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्वही घटते. तथापि, पाण्यात उतरणारी पोटॅशियमसारखी द्रव्ये सांबारात वाया जात नाहीत, कारण त्यातील पाणी फेकले जात नाही.

सुमारे ९५ टक्के पाणी असलेल्या मुळ्याच्या १०० ग्रॅममधून जेमतेम १६ कॅलरी ऊर्जा आणि सुमारे १५ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व मिळते. पाल्यात कॅल्शियम, लोह आणि कॅरोटिन कंदापेक्षा अधिक असते. त्यामुळे पाला टाकून देणे म्हणजे अधिक पौष्टिक भागच टाकण्यासारखे आहे.

आयुर्वेदाचे निरीक्षण

मुळ्याचे गुण त्याच्या अवस्थेवर अवलंबून असतात, हे प्राचीन वैद्यांनी नोंदवले होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात कोवळा मुळा दोषनाशक, तर जून मुळा तिन्ही दोष वाढवणारा मानला आहे. स्नेहात शिजवलेला मुळा वात कमी करतो आणि वाळवलेला कफ व वात जिंकतो, असेही तेथे सांगितले आहे. त्रिदोषांची भाषा आणि आधुनिक रसायनशास्त्राची भाषा एक नव्हे. परंतु वय आणि पाकक्रिया यांनुसार एकच कंद निराळा वागतो, या निरीक्षणाबाबत दोहोंत विरोध नाही.

कावीळ आणि मुळ्याचा रस

मुळ्यातील आयसोथायोसायनेट जिवाणूंची वाढ रोखते आणि विषारी द्रव्यांचा निचरा करणाऱ्या विकरांना चालना देते, असे प्रयोगशाळेत पेशींवर आणि प्राण्यांवर झालेल्या प्रयोगांत दिसले आहे. मात्र माणसांचे आजार मुळ्याने बरे होतात, असे म्हणण्याइतका पुरावा त्यातून मिळत नाही.

तरीही देशाच्या अनेक भागांत काविळीवर मुळ्याचा किंवा त्याच्या पाल्याचा रस दिला जातो आणि रुग्ण बरे झाल्याचे दाखले सांगितले जातात. याचे एक कारण आजारातच आहे. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ‘ए’ या काविळीचे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. त्या काळात जे दिले जाईल त्याला श्रेय मिळते. लहान मूतखडे लघवीवाटे आपोआप पडतात, तेथेही हेच घडते.

धोका उरतो तो इतर रुग्णांचा. पित्तनलिकेतील खड्याने किंवा गाठीने झालेली कावीळ रसाने जात नाही, आणि हिपॅटायटिस ‘ई’ गरोदर स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो. अशा रुग्णांनी रसावर विसंबून घालवलेले दिवस महागात पडतात.

हे भेद ओळखण्यासाठी नोंदी लागतात, आणि त्याचे एक जुने उदाहरण तंजावरमध्येच आहे. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी धन्वंतरी महाल स्थापन केला. तेथे देशी आणि युरोपीय अशा दोन्ही वैद्यकांचा अभ्यास होत असे. नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रे आणि उपचारांची टिपणे असलेली त्या काळातील कागदपत्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत. औषध कोणाला दिले आणि पुढे काय झाले, हे लिहून ठेवल्याशिवाय त्याचा गुण ठरत नाही.

निरोगी माणसाने मुळा कच्चा खावा की शिजवून, हा आवडीचा आणि पचनाचा प्रश्न आहे. तिखट द्रव्याचा लाभ हवा असल्यास कच्चा मुळा किसून लगेच खावा; ज्यांच्या पोटाला तो सोसत नाही त्यांना सांबारातील मुळा मानवतो. थायरॉइडचा विकार आणि आयोडीनची कमतरता असणाऱ्यांनी कच्चा मुळा मोठ्या प्रमाणात घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. डोळे पिवळे दिसू लागल्यास मात्र मुळ्याचा रस काढत बसण्याऐवजी आधी रक्ततपासणी करून घेणे आवश्यक आहे.