खाणीचा खड्डा बुजवला, पण आतल्या पाण्याचं काय?



जांबोटीच्या पुढं कणकुंबीला आपली मलप्रभा उगम पावते. खानापूर तालुक्यातूनच निघणारी म्हादई घाट उतरून गोव्यात जाते आणि तिथं मांडवी होते. तिच्या खोऱ्यात डिचोली, साखळी, पिसुर्ले या पट्ट्यात लोहखनिजाच्या खाणी आहेत. "खड्डा मातीनं बुजवला की मासळीला धोका नाही ना?" असं बरेच जण विचारतात. त्याचं उत्तर जरा समजून घेऊ.

गोव्यातल्या काही खाणी समुद्रसपाटीच्याही खाली खोदल्या गेल्या. तिथलं भुसभुशीत खनिज स्वतःच पाणी धरून ठेवतं. म्हणून खणताना पंप लावून पाणी उपसावं लागतं, आणि शिरगावसारख्या गावात विहिरी आटल्या. २०१२ साली खाणकाम थांबलं तेव्हा बऱ्याच खड्ड्यांत पाणी भरून तळी झाली.

खड्डा बुजवला तरी पंप थांबल्यावर भूजल वर चढतंच. भराव म्हणजे फोडलेला दगड आणि माती. त्यातून पाणी अखंड खडकापेक्षा सहज फिरतं आणि लोह, मँगनीज विरघळवून घेतं. दगडात गंधकाचं खनिज असेल तर हवा-पाणी लागून आम्ल तयार होतं आणि तांबं, जस्तही सुटतं. गोव्याच्या खनिजात गंधक फारसं नाही, तिथं मुख्य त्रास लोह, मँगनीज आणि गाळाचा. हे पाणी झऱ्यावाटे ओढ्यात आलं की हवा लागून तांबूस साका बसतो. तो माशांच्या कल्ल्यांत आणि अंड्यांवर चिकटतो, तळातले किडे मरतात, मासळीचं खाणंच जातं.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात फ्लॅम्बो नावाची तांब्याची खाण १९९३ ते १९९७ चालली. खड्डा नदीपासून दीडशे फुटांच्या आत होता. बुजवताना गंधकाच्या दगडात चुनखडी मिसळली, वर माती टाकून गवत लावलं. तरीही भरावातल्या तपासणी विहिरींत मँगनीज वाढलेलं सापडलं. विहिरी होत्या म्हणून कळलं तरी. वरून सगळं हिरवंगार दिसत होतं, बरं का!

मग बंदोबस्त कसा करायचा?

१. डोंगरावरचं पावसाचं पाणी चर काढून खड्ड्याबाहेरून वळवायचं. भरावावर चिकणमातीचा थर द्यायचा आणि वर झाडोरा लावायचा.
२. आम्ल होणारा दगड वेगळा काढून चुनखडीसोबत कायम पाण्याखाली राहील इतका खोल पुरायचा.
३. खड्ड्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला तपासणी विहिरी ठेवायच्या. पावसाळ्याआधी आणि नंतर, वर्षानुवर्षं नमुने घ्यायचे.
४. पाझर खराब निघाला तर तो उपसून चुना द्यायचा, हवा खेळवायची, साका बसवायचा आणि मगच ओढ्यात सोडायचं.

घरी काय करता येईल? विहिरीचं पाणी पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर ठेवा. काढताना स्वच्छ होतं आणि सकाळी तांबूस झालं, तर त्यात विरघळलेलं लोह असण्याची शक्यता मोठी. काढतानाच गढूळ असेल तर बहुधा गाळ. मँगनीज मात्र डोळ्यांना दिसत नाही. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच असावं असं भारतीय मानक सांगतं, ते प्रयोगशाळेतच कळतं. उकळून यातलं काहीच जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं.

जुन्या खाणीच्या तळ्यात मत्स्यबीज सोडायचा विचार असेल तर आधी पाणी तपासून घ्या, मगच पैसे गुंतवा. ओढ्याला तांबूस साका दिसला तर तारीख घालून फोटो काढा आणि ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. आणि कुठंही खड्डा बुजवायचं ठरलं तर ग्रामसभेत एक प्रश्न विचाराच: "खालच्या अंगाची तपासणी विहीर कुठं आहे, आणि तिचे आकडे आम्हाला कोण दाखवणार?"

होडी आपली, जाळं आपलं, पण पाणी वरून येतं. त्यावर नजर ठेवूया. माहिती उपयोगी वाटली तर आपल्या गावाच्या ग्रुपवर नक्की पाठवा.