डब्याच्या चौकटीचा साचा

ग्वाल्हेरला येणाऱ्या पाहुण्यांना आपण जयविलास प्रासादातील भोजनमेजावरची चांदीची आगगाडी मोठ्या हौसेने दाखवितो. परंतु शिंदे संस्थानाने घातलेली, श्योपूरपर्यंत सुमारे 200 किलोमीटर जाणारी दोन फुटी रुळांची गाडी 2020 साली बंद झाली आणि आमच्या सहावीतील मुलांना ती नीटशी आठवतही नाही. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिचे तीन डबे लाकडात करावयाचे ठरले, ते याच कारणाने. मूळ रुळांतील अंतर 610 मिलिमीटर. त्याचा एकोणिसावा भाग घेतला की 32 मिलिमीटर भरतात.

पहिली चौकट मुलांनी हातात धरूनच चिकटविली. रुळावर ठेवताच एका कोपऱ्याचे चाक अधांतरी राहिले आणि पहिल्याच वळणावर डबा घसरला. चौकटीला पीळ पडला होता. तेव्हा साचा करणे भाग पडले.

चौकट 40 सेंटिमीटर लांब व 10 रुंद. तिच्यासाठी 12 मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा सपाट तुकडा घेतला. त्यावर रंध्याने सरळ केलेली एक लांब पट्टी व तिच्याशी काटकोनात एक आखूड पट्टी ठोकावी. साऱ्या साच्याचा प्राण या दोन पट्ट्यांत आहे. त्या जेथे भेटतात तेथे बोटभर फट अवश्य ठेवावी, नाहीतर ओघळलेला फेविकॉल वा भुसा कोपऱ्यात साचून चौकट पुढे सरकते. समोरच्या दोन पट्ट्या सेंटिमीटरभर दूर ठोकून मधल्या जागेत पाचरींच्या जोड्या सारावयाच्या. पाचर बोटानेच दाबावी. हातोडीने ठोकली की बारीक पट्टी वाकते. (हा उपदेश सातवीच्या मुलांना तीनदा करावा लागतो.) आडव्या पट्ट्यांसाठी आत ठेंगणे ठोकळे, आणि तळाला मेणबत्ती घासलेली, म्हणजे चौकट साच्याला चिकटत नाही. ती रात्रभर तशीच ठेवावी.

तीन चौकटी झाल्या. एकीलाही पीळ नव्हता. पण डब्याची तळफळी एकीवरही बसेना! कर्ण मोजले, तर तिन्ही चौकटींत तोच सुमारे तीन मिलिमीटरचा फरक. एवढ्या मापात तो कोनाच्या एका अंशाचा असतो. दोष मुलांचा नव्हता. मी कपाटातून काढून दिलेला गुण्याच कधीतरी पडून बिघडला होता. सरळ कडेला लावून रेघ ओढावी, तो उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा ओढावी. दोन्ही रेघा एक झाल्या तरच गुण्या खरा. वर्गात ही कसोटी मी किती वर्षे सांगत आलो होतो, आणि स्वतः मात्र करून पाहिली नव्हती. तसे मी मुलांपुढे कबूल केले.

दुसऱ्या साच्यात आखूड पट्टी आधी एकाच स्क्रूवर बसविली, सुक्या चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे 41.2 सेंटिमीटर, येईपर्यंत ती सरकविली आणि मगच पक्की केली. प्रदर्शनात तिन्ही डबे वळणावरून विनातक्रार गेले. जुना साचा भूमितीच्या तासासाठी वर्गात टांगला आहे. त्यावर कोणीतरी खडूने ‘हेडमास्तरांचा काटकोन’ असे लिहिले आहे. मी ते पुसलेले नाही.